टीव्ही घेताना दुकानातल्या झगमगाटावर जाऊ नका

पुण्यात लक्ष्मी रोडच्या किंवा कर्वे रोडच्या दुकानात सगळे टीव्ही भडक 'व्हिव्हिड' मोडवर लावलेले असतात. विक्रेत्याला आधी तो मोड 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड'वर आणायला सांगा, मग तुलना करा. पेनड्राइव्हवर रात्रीचा एखादा अंधारा प्रसंग घेऊन जा. काळा रंग राखाडी दिसतोय का, हे त्यातच कळतं.

'क्यूएलईडी' नावाला भुलू नका; तोही मागून प्रकाश टाकणारा एलसीडीच असतो, फक्त क्वांटम डॉटच्या (अतिसूक्ष्म कणांच्या) थरामुळे रंग खुलतात. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल (चित्राचा ठिपका) स्वतः उजळतो आणि विझतो, म्हणून काळा खरोखर काळा. पण घरी आजोबा दिवसभर बातम्या लावून बसत असतील, तर ओएलईडी मी सुचवणार नाही. चॅनेलचा लोगो आणि खालची पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहिली की तिचा डाग पडद्यावर कायमचा उमटू शकतो. बाल्कनीतून भरपूर ऊन येणाऱ्या हॉललाही चांगला उजळ एलईडी, म्हणजे मागे एलईडी दिवे असलेला एलसीडीच बरा.

एलसीडीच्या पडद्याचे, म्हणजे पॅनेलचे, मुख्य प्रकार दोन: आयपीएस आणि व्हीए. सोफा टीव्हीच्या भिंतीला काटकोनात असेल, म्हणजे बाजूने पाहावं लागत असेल, तर आयपीएस पॅनेल पाहा, बाजूनेही रंग फारसे फिके पडत नाहीत. समोरूनच पाहणार असाल तर व्हीए. त्यात काळा जास्त गडद.

आणि ४३ इंचांच्या वर फुल एचडी नको, त्याच्या चौपट पिक्सेलचा ४केच घ्या. ३२ इंचांत मात्र 'एचडी रेडी' म्हणजे जेमतेम १३६६ बाय ७६८ पिक्सेल, फुल एचडीपेक्षाही कमी, हे खोक्यावर वाचून घ्या.