पेटवण्याआधी विझवायला शिकवा: सातवी-आठवीच्या मुलांच्या हाती स्वयंपाकघर कसं द्यावं

दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मी सातवीच्या वर्गाला दोन प्रश्न विचारते. ‘शेगडी कोणाकोणाला पेटवता येते?’ जवळजवळ सगळे हात वर. ‘आणि सिलिंडर बंद करता येतो?’ हात खाली येतात. नागपूरच्या सुट्टीत दुपारी आईबाबा कामावर असतात, आजी कूलरसमोर पडलेली असते आणि पोराला भूक लागते. ते ओट्याशी जाणारच. ‘गॅसला हात लावायचा नाही’ अशी ताकीद दिली तर ते लपून चहा करतं, एवढाच फरक. म्हणून शिकवायचं, आणि आधी बंद करणं, मग पेटवणं या क्रमाने शिकवायचं. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही सारखंच.

पहिले दोन दिवस काडी लावायची नाही

शेगडीची बटणं बंद ठेवून मुलाला सिलिंडरपाशी बसवा. रेग्युलेटर त्याच्याच हाताने दहादा चालू-बंद करू द्या, शेवटी डोळे मिटून. नळीवर छापलेली तारीख वाचायला लावा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. सिलिंडरच्या वरच्या कड्याखालच्या पट्टीवर ‘बी २८’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं डीपर्यंत. ‘बी २८’चा अर्थ, जून २०२८पर्यंत त्या सिलिंडरची पुढची चाचणी व्हायला हवी. मुलांना ही खुणेची भाषा फार आवडते. नवीन सिलिंडर आला की स्वतःहून धावत जाऊन वाचतात.

मग वास. एलपीजीला स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून फरशीलगत साचतो. वास आला तर ज्योत नाही, काडी नाही आणि विजेच्या कुठल्याही बटणाला हात नाही. दिवा लावायचा नाही, तसा चालू कूलरही बंद करायचा नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आजीला घेऊन बाहेर. फोन बाहेर आल्यावरच: गॅसगळतीसाठी १९०६, आग लागली तर १०१ किंवा ११२. फोनवर घराचा पत्ता आणि जवळची खूण न अडखळता सांगता आली पाहिजे. हे खोटा फोन कानाला लावून करून घ्या. पत्ता तोंडपाठ आहे असं वाटणारी मुलं इथेच अडकतात.

आपल्याकडच्या कूलरचा आणखी एक धोका आहे. हॉलमधला झोत स्वयंपाकघरापर्यंत आला की मंद आच विझते आणि गॅस मात्र सुरूच राहतो. म्हणून आच मंद केली की वाकून ज्योत बघायची, आणि शेगडी चालू असताना तिथून हलायचं नाही. ‘दोन मिनिटांत येतो’ हेसुद्धा नाही.

सुरी

विळी नंतर. आधी सुरी, आणि तीही धारदार. बोथट सुरी निसटते आणि बोटावर येते. पाटाखाली ओलं फडकं, बोटांची टोकं आत वळवलेली, कांदा आधी उभा अर्धा कापून सपाट बाजू खाली. सुरी पडली तर झेलायची नाही, पाय मागे घ्यायचे. एवढं जमलं की सांबार बारीक चिरायला द्या (नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात). मिरची चिरली की हात आधी तेलाने चोळून मग साबणाने धुवायचे, कारण तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. भिवापुरी मिरचीच्या हाताने डोळा चोळलेल्या मुलाला हे पुन्हा सांगावं लागत नाही, पण ती वेळ येऊ देऊ नका.

तेलाने पेट घेतला तर

याला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथे मुलाचं मन त्याला नेमकं चुकीचं सांगतं: आगीवर पाणी टाक. कारण समजावून द्या. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं. तिथे त्याची क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा घेते. ती जळतं तेल उडवत वर येते.

मग थंड, रिकाम्या कढईवर सराव. मी ‘पेटलं!’ म्हणते. मुलाने बटण बंद करायचं, बाजूला ठेवलेलं झाकण समोरून कढईवर सरकवायचं आणि मागे व्हायचं. कढई उचलायची नाही. झाकण लगेच उघडून बघायचंही नाही, कारण हवा मिळाली की आग परतते. हात पोहोचत नसेल किंवा ज्वाळा मोठ्या असतील तर बाहेर पळायचं आणि हाक मारायची. पळणं हे भित्रेपण नाही, हे मुलग्यांना मी मुद्दाम सांगते. धूर ही पेटण्याआधीची सूचना. तेल धुरावलं की गॅस बंद. आणि झाकण हाताशी नसेल तर तेल तापवायलाच घ्यायचं नाही.

कपड्यांनी पेट घेतला तर धावायचं नाही. जमिनीवर पडून लोळायचं. ओट्याशी सुती कपडे हवेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली.

भाजल्यावर

एकदा एक मुलगी हातावर टूथपेस्टचा थर लावून वर्गात आली होती. घरच्यांनी मायेनेच लावलं होतं, पण अशा थराखाली उष्णता अडकते आणि डॉक्टरांना जखम दिसत नाही. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ, काहीही नको. वीस मिनिटं थंड वाहतं पाणी, तेवढंच. मात्र मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चटका देणारं येतं. अशा वेळी माठातलं पाणी तांब्याने सतत ओतायचं. बांगडी, अंगठी, घड्याळ सूज येण्याआधी काढायचं. फोड फोडायचे नाहीत. चेहरा भाजला असेल किंवा जखम मुलाच्या तळहाताएवढी असेल तर दवाखाना; १०८ हा क्रमांक फ्रिजवर लिहिलेला असावा.

कुकर मी आठवीशिवाय देत नाही. डाळ-भातासाठी अर्ध्यापेक्षा जास्त भरायचा नाही, शिटीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघायची, आणि वाफ आपोआप उतरेपर्यंत झाकणाला हात नाही. मसाला गरम असताना मिक्सरमध्ये वाटायचा नाही. आत हात घालायचा तर आधी प्लग काढायचा. पुऱ्या आणि वडाभाताचे वडे तळणं मोठं माणूस शेजारी असेल तरच.

पहिला पदार्थ पोहे. तर्री नाही, साधे कांदेपोहे. तुम्ही दाराशी उभे राहा, हात मागे बांधून, आणि चटका बसण्याची वेळ आल्याशिवाय बोलू नका. मीठ जास्त पडू द्या. कढईचा दांडा आत वळवलेला आहे का, मोहरी तडतडताना चेहरा मागे आहे का, एवढंच बघा. पोहे ताटलीत पडले की नीट लक्ष द्या: ताटली उचलण्याआधी ते मूल खाली वाकून रेग्युलेटर बंद करतं का? केला, तर पुढच्या आठवड्यात चहा. नाही केला, तर पुन्हा पोहेच.