मागे फिरायची वाट ठेवा

वेबसाइट डिझाइन शिकून कोकणातच काम करायचं ठरवलेली मुलं-मुली विचारतात, आधी काय शिकू? फिग्मा हे पानं आखायचं सॉफ्टवेअर हळूहळू हातात बसतं, रंगसंगतीचंही तेच. माझ्या मते आधी एक सवय लावा. कुठलंही पान समोर आलं की वापरणाऱ्याला इथे थांबता येतं का, मागे फिरता येतं का, ठरवलेलं बदलता येतं का, हे तपासायचं.

मी रत्नागिरीत राहून आंबा बागायतदारांच्या आणि होमस्टेवाल्यांच्या साइट करते. हंगामात मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं हापूसच्या पेट्या नोंदवतात. पाच डझनची पेटी निवडतात, घरच्यांशी बोलून चार डझनवर येतात, मग पत्ता लेकाच्या ऑफिसचा द्यायचं ठरतं. अशा वेळी 'मागे' दाबल्यावर नाव, पत्ता, पिनकोड सगळं पुसलं गेलं, तर माणूस पुन्हा भरत बसत नाही, सरळ बागायतदाराला फोन लावतो. म्हणून ब्राउझरचं मागे जायचं बटण नेहमीसारखंच चाललं पाहिजे आणि भरलेलं जागेवर राहिलं पाहिजे. त्यात आपल्याकडे घाटात, खाडीपलीकडच्या वाडीत रेंज जाते. पैसे भरताना ती गेली, तर साइट पुन्हा उघडल्यावर ऑर्डर लागली की नाही हे पहिल्यांदा दिसायला हवं. ते दिसलं नाही की लोक घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरतात.

वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी १९९४ साली मांडलेल्या डिझाइनच्या दहा तत्त्वांपैकी तिसरं हेच आहे: वापरणाऱ्याचा ताबा आणि मोकळीक. नवीन मुलं यावर उपाय म्हणून जिथे तिथे 'नक्की ना?' असं विचारणारी चौकट टाकतात. मला तो उपाय अर्धवट वाटतो. सारखी दिसणारी चौकट कुणी वाचत नाही, 'हो' दाबून मोकळे होतात. त्यापेक्षा काम होऊ द्या आणि 'रद्द करा' समोर ठेवा. जीमेलमध्ये पाठवलेला मेल ५ ते ३० सेकंदांत मागे घेता येतो, तसं. पैसे कापले जाणार असतील तिथे मात्र आधी सगळा हिशोब दाखवून विचाराच.

होमस्टेच्या मालकांना साइट उघडताच समुद्राची गाज ऐकू यावी, फोटो सरकत राहावेत असं वाटतं. हौस खरी असते, मोडू नका. पण डब्ल्यूसीएजी ही सुगम्यतेची, म्हणजे अपंग माणसांनाही साइट वापरता यावी यासाठीची, मानकं सांगतात की आपोआप सुरू झालेला आवाज ३ सेकंदांपेक्षा जास्त चालत असेल, तर तो बंद करायची सोय हवी. आपोआप हलणारा मजकूर ५ सेकंदांहून जास्त चालला, तर तो थांबवताही आला पाहिजे. आणि वयस्कर माणसं दर वाचायला दोन बोटांनी पान मोठं करतात, ते अडवणारी ओळ कोडमध्ये सापडली तर काढून टाका.

कधीतरी कुणी सांगेल, 'ड्रायफ्रूटचं पाकीट आधीच टिक करून ठेवा, लोक काढत नाहीत.' स्पष्ट नाही म्हणा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांचे १३ प्रकार नोंदवून त्यांना मनाई केली, त्यात न विचारता बिलात वस्तू घुसवणं आहे. हा नियम मालकाला दाखवला की बोलणं सोपं जातं.

पोर्टफोलिओत दहा सुंदर मुखपृष्ठांऐवजी एकच ऑर्डरचा फॉर्म ठेवा, आधीचा आणि सुधारलेला. शेजारच्या काकूंना तो त्यांच्याच फोनवर भरायला द्या, मध्ये बोलू नका, आणि त्या कुठे अडल्या ते लिहून त्याच फॉर्मशेजारी लावा.