खोल समुद्रातला गाळ: कोअर उघडताना

मध्य हिंद महासागरात सव्वापाच हजार मीटर खाली गाळ हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर साचतो. तळावरचे धातूंचे गोटे, म्हणजे नोड्यूल, काढायला खाणयंत्र फिरलं की सगळ्यात आधी उडतो तो हाच वरचा थर. म्हणून बोटीवर नव्याने येणाऱ्या मुलांना मी सांगते, वरचे पाच सेंटिमीटर जपा, खालचं मागाहून बघू.

अशा खाणकामाचा परिणाम बघायला १९९७ साली गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिथे तीन किलोमीटर लांब, दोनशे मीटर रुंद पट्ट्यातला गाळ पंपाने ओढून तळाच्या थोडा वर सोडला आणि पुढे काही वर्षं परतपरत जाऊन नमुने घेतले. त्या कामाचा पाया होते कोअर, म्हणजे तळातून थर न मोडता उचललेले गाळाचे नमुने.

बॉक्स कोअर, म्हणजे पेटी तळात रुतवून उचललेला गाळाचा ठोकळा, डेकवर टेकला की लगेच हात घालू नका. आधी वरचं पाणी बघा. नितळ पाणी आणि सपाट गाळ असेल तर पुढे जा. पाणी गढूळ असेल किंवा गाळ एका बाजूला घसरला असेल तर फोटो काढा, नोंद करा, आणि वरच्या थराच्या मोजमापाला तो कोअर वापरू नका. पेटी खाली जाताना स्वतःपुढे पाणी ढकलते आणि त्या धक्क्याने वरचा मऊ थर उडू शकतो. म्हणजे जिथे यंत्र फिरलंच नाही, तिथलाही कोअर खणल्यासारखा दिसतो. तो संदर्भ म्हणून धरला तर खाणकामाचं खरं नुकसान झाकलं जातं. हे मला सगळ्यात घातक वाटतं. जमेल तिथे मल्टिकोअरच घ्यावा; त्यात पेटीऐवजी अनेक नळ्या एकदम, सावकाश गाळात शिरतात.

पाणी बारीक नळीने, चाळणीतूनच काढा. त्यात जीव असतात. नोड्यूल उचलण्याआधी पट्टी ठेवून फोटो घ्या. मग अक्रिलिक नळ्या सरळ, सावकाश दाबा. नळीतला गाळ बाहेरच्यापेक्षा खाली बसला तर तो दबलाय, तसं लिहा. वरचे दोन सेंटिमीटर अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरने कापा, त्याखाली एकेक. नळीला घासलेली कड टाकून द्या. ओलाव्याचा नमुना तत्काळ हवाबंद डबीत घाला; वजन किनाऱ्यावर करा, हलत्या बोटीवर काटा स्थिर राहत नाही. वाळवल्यावर उरलेलं मीठ हिशेबातून वजा करायला विसरू नका.

आता वाचन. यंत्राच्या चाकोरीत वरचा थर गेलेला असतो, त्यामुळे पृष्ठभागाशीच ओलावा कमी आणि गाळ घट्ट लागतो. शेजारी, जिथे उडालेला गाळ येऊन बसला, तिथे वर पातळ पिठल्यासारखा थर मिळतो. कारण एकच, खुणा उलट्या. दोन्ही जागांचे आकडे मिसळून सरासरी काढली तर काहीच घडलं नाही असं दिसेल. चाकोरी, शेजार आणि दूरची अस्पर्श जागा वेगळ्या ठेवा, आणि आधीचे कोअर नसतील तर यंत्र पाण्यात सोडूच देऊ नका.

पेरूजवळच्या खोल समुद्रातल्या खोऱ्यात १९८९ साली प्रयोग म्हणून तळावर नांगरलेल्या रेघा २०१५ मध्येही दिसत होत्या. तुमच्या डब्या उघडणारा माणूस कदाचित अजून शाळेत असेल. लेबल पेन्सिलने लिहा, एक आत घाला, एक बाहेर लावा, आणि त्यावर अक्षांश-रेखांश पूर्ण टाका.