लेव्हल आली १६, आणि गोळी पोटात: प्रत्यारोपण ओपीडीत नव्याने येणाऱ्या डॉक्टरांसाठी

किडनी प्रत्यारोपणाच्या ओपीडीत नवीन डॉक्टर आला की पहिले काही महिने फक्त क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढणारा आकडा) बघतो. चूक नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. क्रिएटिनिन वर सरकतं तोवर आत रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं, सुरू होऊन बरेच दिवस गेलेले असू शकतात. कमी जोखमीच्या रुग्णात हा उशीर कधीकधी खपून जातो, जास्त जोखमीच्या रुग्णात महागात पडतो.

जास्त जोखीम कोणाला, हे पाठ असेलच: दुसरं प्रत्यारोपण, पीआरए (परक्या एचएलएविरुद्धच्या अँटिबॉडींचं प्रमाण) जास्त, आधीपासून डीएसए (नेमक्या दात्याविरुद्धची अँटिबॉडी), रक्तगट न जुळणारा दाता, नवी किडनी उशिरा चालू झालेली. आपल्याकडे या यादीतून हमखास निसटते ती नवऱ्याची किंवा स्वतःच्या मुलाची किडनी घेणारी बाई. बाळंतपणात नवऱ्याकडच्या एचएलएशी (पेशींवरच्या ओळखखुणांशी) तिच्या शरीराची गाठ आधीच पडलेली असते, त्यात डायलिसिसच्या काळात रक्ताच्या पिशव्या चढलेल्या. क्रॉसमॅच (दात्याच्या पेशींवर रुग्णाचं सीरम तपासणं) निगेटिव्ह आला म्हणून पाटी कोरी होत नाही. जुन्या स्मरणपेशी त्या चाचणीत दिसत नाहीत, आणि प्रत्यारोपणानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच अँटिबॉडी उसळू शकते. किती बाळंतपणं, किती गर्भपात, किती पिशव्या रक्त, हे केसपेपरवर नसेल तर आजच विचारून लिहा.

तपासण्यांचं वेळापत्रक फार अवघड नाही. क्रिएटिनिन पहिला आठवडा रोज, मग महिना पुरा होईपर्यंत आठवड्यातून दोन-तीनदा, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दर आठवड्याला, सहाव्यापर्यंत पंधरवड्याला, वर्षापर्यंत महिन्याला. लघवीतलं प्रोटीन पहिल्या महिन्यात एकदा, मग दर तीन महिन्यांनी. बीके या किडनीला इजा करणाऱ्या विषाणूची पीसीआर पहिले तीन ते सहा महिने दरमहा, पुढे वर्षापर्यंत तिमाही. बीकेचा कंटाळा करू नका. त्यानेही क्रिएटिनिन वाढतं, पण तिथे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करायची असतात आणि रिजेक्शनमध्ये वाढवायची. अंदाजाने स्टेरॉइड दिलं आणि निघाला बीके, तर किडनी आपल्याच हाताने गेली.

आता टॅक्रोलिमसची, म्हणजे रिजेक्शन टाळायला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची, रक्तातली लेव्हल. नव्या माणसाचा पाय इथे घसरतो, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

लेव्हल म्हणजे ट्रफ: आधीच्या डोसनंतर बारा तासांनी आणि पुढच्या डोसच्या आधी घेतलेलं रक्त. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर चोवीस तासांनी. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरीही चुकतं, कारण ते आळशी रुग्णात चुकत नाही, शहाण्या रुग्णात चुकतं. आपणच त्याला सांगितलेलं असतं, आठ म्हणजे आठ. तो पहाटेच्या एसटीने निघतो, आठला मोबाइलचा गजर वाजतो, बसमध्येच इमानदारीत गोळी घेतो. रक्त घेणाऱ्याचा नंबर लागतो दहाला. रिपोर्ट येतो १६.

समजा त्याची खरी ट्रफ ६.५ होती, तीसुद्धा पहिल्या तीन महिन्यांच्या ८ ते १० या लक्ष्याच्या खालीच. १६ बघून तुम्ही डोस ३ मिलिग्रॅम दोनदा होता तो २ मिलिग्रॅम दोनदा केला. आता खरी ट्रफ ४.३ च्या आसपास. कागदावर विषबाधा टळली, प्रत्यक्षात रिजेक्शनला दार उघडलं. पुढच्या खेपेला पुन्हा दहालाच रक्त गेलं तर लेव्हल 'छान' दिसेल आणि घोटाळा महिनाभर कळणार नाही.

यात आणखी दोन गाठी. एक, आपण 'उपाशीपोटी या' म्हणतो. लोक नाश्ता टाळतात, पण गोळी पाण्याबरोबर घेऊन येतात, कारण गोळी म्हणजे खाणं नव्हे. दोन, 'गोळी घेतली का?' हा प्रश्न. रुग्णाला वाटतं, डॉक्टर हजेरी घेताहेत. घेतली नसली तरी 'हो हो, वेळेवर' म्हणतो. त्याऐवजी विचारा, 'रात्रीची किती वाजता घेतली? सकाळची कुठे आहे, दाखवा बरं.' गोळी पिशवीतून बाहेर निघाली तर रक्त घ्या. नाही निघाली तर फॉर्मवर 'डोसनंतर' असं ठळक लिहा, त्या आकड्यावर डोस हलवू नका, दुसऱ्या दिवशी ट्रफ घ्या. लांबून येणाऱ्यांना गोळीची वेळ दहा-दहाची करून द्या, निम्मी भानगड संपते. नळी जांभळ्या बुचाची, कारण संपूर्ण रक्त लागतं. लॅब शक्यतो एकच ठेवा, पद्धत बदलली की आकडाही थोडा बदलतो. डोस बदलल्यावर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा तपासा, दुसऱ्याच सकाळी नाही.

सीनियरच्या वहीचा व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो बघून डोस ठरवणाऱ्यांबद्दल आमचं मत चांगलं नाही. त्या वहीत आकडे असतात, रक्त किती वाजता घेतलं ते नसतं.

वेळ बरोबर असूनही लेव्हल उडत असेल तर पिशवीतली सगळी औषधं टेबलावर ओतायला सांगा. फ्लुकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम लेव्हल चढवतात. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन पाडतात, रिफाम्पिसिन तर आपटतंच. जुलाबात लेव्हल पडेल असं वाटतं, पण ती बहुधा चढते. ग्रेपफ्रूट खाऊ नका असं पुस्तकात असतं, कारण त्यानेही लेव्हल चढते. कोकणातल्या रुग्णाला गणपतीच्या दिवसांत पपनसाबद्दल सांगा, ते त्याच गोतातलं. मेडिकलवाल्याने ब्रँड बदलून दिला असेल तर आठवड्याच्या आत लेव्हल बघा.

डीएसए जास्त जोखमीच्या रुग्णात पहिल्या महिन्यातच, मग तीन, सहा, बारा महिन्यांनी, शिवाय औषधं बुडली किंवा कमी केली तेव्हा. एमएफआय (डीएसए चाचणीत येणारा आकडा) म्हणजे अँटिबॉडीचं वजन नव्हे. एका आकड्यापेक्षा त्याच लॅबमधला चढ बघा. अँटिबॉडी फारच जास्त असेल तर आकडा उलट खोटा कमी येतो, याला प्रोझोन म्हणतात. शंका असेल तर सीरम पातळ करून चाचणी मागा.

क्रिएटिनिन नेहमीच्या आकड्यापेक्षा २०-२५ टक्के वर गेलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा आधी साध्या गोष्टी निघतात: पाणी कमी पडलं, लघवीत जंतुसंसर्ग, टॅक्रोलिमस जास्त, मूत्रवाहिनीत अडथळा. सोनोग्राफी, डॉपलर, कल्चर, खरी ट्रफ एका दिवसात होतात. त्यात काही सापडलं नाही तर मात्र बायोप्सीला 'सोमवारी बघू' नको. काही केंद्रं तर क्रिएटिनिन ठीक असतानाही तिसऱ्या आणि बाराव्या महिन्यात बायोप्सी करतात. उगाच नाही करत, लपलेलं रिजेक्शन तसंच सापडतं.

बायोप्सीच्या सुईने किडनीचे दोन तुकडे घ्या. रिजेक्शन ठरवणाऱ्या बॅन्फ वर्गीकरणाला किमान दहा ग्लोमेरुलाय (किडनीतल्या गाळण्या) आणि दोन धमन्या लागतात. नळ्या भरताना खोलीत गडबड असते. इम्युनोफ्लोरोसन्ससाठी (चमकणाऱ्या रंगाने अँटिबॉडी शोधणाऱ्या तपासासाठी) सलाइनमध्ये जायचा तुकडा फॉर्मलिनमध्ये पडला की तो तपास संपला, म्हणून सुई टोचण्याआधीच दोन्ही डब्यांवर नाव आणि द्रव लिहून ठेवा. सीफोरडी (अँटिबॉडीमुळे झालेल्या रिजेक्शनची खूण शोधणारी तपासणी) मागायला विसरू नका. नंतर सहा ते आठ तास आडवं ठेवा, बीपी बघा, आणि पहिल्या तीन लघव्या वेगवेगळ्या पारदर्शक बाटल्यांत ओळीने ठेवा. रंग फिका होत गेला तर ठीक. तिसरी पहिलीपेक्षा लाल दिसली तर फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.