गांजा, हेम्प, इंडिका, सॅटिव्हा: भांगेचं झाड ओळखताना या चुका टाळा

एखाद्या झाडाचा फोटो पुढे करून विचारलं जातं, 'ही इंडिका की सॅटिव्हा?' मी सहसा उलट विचारतो, तुम्हाला नेमकं काय हवंय? झाडाचं मूळ? ते नर आहे की मादी, ते? त्यात नशेचं द्रव्य किती, ते? की त्याचा चांगला वाख, म्हणजे दोर वळायचा धागा, निघेल का, ते? हे चार प्रश्न निराळे आहेत आणि त्यांची उत्तरं झाडात चार निराळ्या जागी सापडतात. लोक मात्र एकाच शब्दात चारही उत्तरं मागतात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. त्यात मराठीतला 'जात' हा शब्द भर घालतो. प्रजातीलाही जात, वाणालाही जात आणि नर-मादीलाही जातच!

आधी हे झाड तेच आहे का?

पंजासारखं पान दिसलं की भांग, हा समज फार ठिकाणी फसतो. अंबाडीचं पान इतकं सारखं दिसतं की तिच्या शास्त्रीय नावातच ते साम्य आलंय: हिबिस्कस कॅनाबिनस. फुलली की मात्र शंका राहत नाही. अंबाडीचं फूल जास्वंदीच्या कुळातलं, मोठ्या पाकळ्यांचं असतं. भांगेच्या मादीला डोळ्यांत भरेल अशी पाकळीच नसते. निर्गुडीलाही तीन ते पाच पर्णिका (एकाच पानाचे बोटांसारखे सुटे भाग) असतात, पण ती लाकडी झुडूप, आणि पान उलटलं की खालून पांढरट. शोभेचा जपानी मेपलही लांबून चकवतो.

पक्की खूण हवी असेल तर पर्णिकेची कडा जवळून बघा. भांगेच्या पर्णिकेला करवतीसारखे दाते असतात आणि प्रत्येक दात्याच्या टोकापर्यंत एक शीर जाते. ही शीर मधल्या शिरेपासून बरीच खालून निघते आणि वाटेत अलीकडच्या खाचेला जवळजवळ चाटून पुढे सरकते. भिंग असेल तर पानाच्या वरच्या बाजूला वाघनखासारखे आखूड, वाकडे केस दिसतात. त्यांच्या बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटचा खडा असतो, म्हणून पान हाताला खरखरीत लागतं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की तिथून बुडबुडे येतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत ही तपासणी जुनी आहे.

नावांमुळेही फसगत होते. इंग्रजीत 'हेम्प' म्हणजे मुळात वाखासाठी लावलेली भांग, पण त्याच शब्दात ताग, घायपात आणि मनिला हेम्प नावाची केळीच्या कुळातली वनस्पती, सगळी एका पोत्यात बांधलेली असतात. यातल्या एकाचाही भांगेशी संबंध नाही, फक्त सगळ्यांपासून दोर वळता येतो.

भांग, गांजा, चरस ही तीन झाडं नव्हेत

हे लवकर आटपतं. भांग म्हणजे मुख्यतः पानं, गांजा म्हणजे मादीचा फुलोरा, चरस म्हणजे राळ. तिन्ही एकाच झाडाची. 'सिन्सेमिया' या नावाचंही तसंच. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'बिनबियांचा'. तो वाण नाही. परागकण न पोहोचलेल्या मादीचा फुलोरा आहे, एवढंच.

इंडिका-सॅटिव्हा: सगळ्यात मोठा घोळ

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये कॅनाबिस सॅटिव्हा हे नाव दिलं, तेव्हा त्याच्यासमोर युरोपातलं वाखाचं झाड होतं. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लॅमार्कने 1785 मध्ये भारतातून आलेल्या झाडांवरून कॅनाबिस इंडिका ही वेगळी प्रजाती मांडली. त्याची इंडिका अरुंद पर्णिकांची होती. आता आज विक्रेते काय सांगतात ते पाहा: उंच, अरुंद पानांची ती सॅटिव्हा, बुटकी, रुंद पानांची, गच्च झुडपासारखी ती इंडिका. म्हणजे लॅमार्कने जिला इंडिका म्हटलं, तिच्यासारख्या झाडाला आज 'सॅटिव्हा'ची पाटी लागते. आणि आजची 'इंडिका' लॅमार्कने बहुधा पाहिलीही नव्हती.

हा उलटापालट विसाव्या शतकात झाला. 1970 च्या दशकात अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड शुल्टिस यांनी अफगाणिस्तानातली बुटकी, रुंद पानांची झाडं पाहिली आणि त्यांना इंडिका मानलं. त्यांचे सहकारी लोरन अँडरसन यांनी उंच सॅटिव्हा, बुटकी इंडिका आणि खुरटी रुडेरालिस शेजारीशेजारी दाखवणारं रेखाचित्र काढलं. आज सगळीकडे फिरणारी तीन झाडांची आकृती त्याच चित्राची नातवंडं आहेत. चित्र इतकं सोयीचं होतं की ते कुठल्या झाडांवरून काढलं, हे विचारायचंच राहून गेलं.

त्याच सुमारास हा वाद अमेरिकेत कोर्टातही गेला. कायद्यात 'कॅनाबिस सॅटिव्हा' असं लिहिलंय, मग आमच्या अशिलाकडची कशावरून इंडिका नसेल, असा युक्तिवाद बचावपक्षाचे वकील करत. शुल्टिस यांनी बचावाच्या बाजूने साक्ष दिली. न्यायालयांनी बहुतेक वेळा कायदेमंडळाला सगळंच कॅनाबिस अभिप्रेत होतं असं म्हणून तो फेटाळला. पण वनस्पतिशास्त्राची वर्गवारी कोर्टात इतकी रंगावी, हे क्वचितच घडतं.

अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये वेगळी मांडणी केली: प्रजाती एकच, तिच्या दोन उपप्रजाती. बरेच अभ्यासक आज ढोबळमानाने हीच मांडणी धरून चालतात, कारण यातली कुठलीही दोन झाडं एकमेकांशी संकर पावतात आणि त्यांची संततीही सुपीक असते. जगभरात एवढे संकर झालेत की शुद्ध कुळी शोधायला डोंगरातल्या जुन्या गावठी वाणांकडेच जावं लागेल.

मग विकत मिळणाऱ्या पाटीचं काय? 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात गांजाचे 81 आणि हेम्पचे 43 नमुने तपासले गेले. जमैकाचा म्हणून ओळखला जाणारा, शंभर टक्के सॅटिव्हा अशी नोंद असलेला एक नमुना अफगाणिस्तानातल्या शंभर टक्के इंडिका म्हणवणाऱ्या नमुन्याशी जवळजवळ तंतोतंत जुळला. एकाच नावाच्या नमुन्यांच्या 17 तुलना केल्या, तेव्हा त्यातल्या 6 वेळा नमुना आपल्या नावबंधूपेक्षा दुसऱ्याच नावाच्या झाडाशी जास्त जवळचा निघाला. 2021 च्या आणखी एका अभ्यासात या पाट्यांचा मेळ एकंदर जनुकांशी लागला नाही. तो लागला वास ठरवणाऱ्या मोजक्या टर्पिनांशी, म्हणजे झाडातल्या सुगंधी द्रव्यांशी. 'इंडिका' म्हटलेल्या नमुन्यांत मिरसीन जास्त होतं, ज्याचा वास मातकट असतो. थोडक्यात, लोक वास घेऊन पाटी लावतात आणि ती कुळाची आहे असं समजतात.

'इंडिकाने झोप, सॅटिव्हाने तरतरी' हे याच पाटीचं पुढचं पिल्लू. परिणाम ठरतो तो टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) आणि सीबीडी (नशा न आणणारं द्रव्य) यांच्या प्रमाणावर, मात्रेवर, घेण्याच्या पद्धतीवर आणि माणसावर. झाडाच्या उंचीवर नाही. औषध म्हणून विचार करणाऱ्याने पाटीवरचं नाव सोडून डॉक्टरांना त्यातल्या द्रव्यांचे आकडे दाखवावेत.

एका पानावरून निकाल देऊ नका

पर्णिका मोजून जात ठरवणारे भेटतात: पाच असतील तर ही, नऊ असतील तर ती. त्यांना त्याच झाडाची बाकीची पानं दाखवावीत. रोपाच्या पहिल्या खऱ्या पानाला एकच पर्णिका असते, पुढे तीन, पाच, सात, नऊ, कधी अकराही. फुलोऱ्याकडे वर गेलं की संख्या पुन्हा घटत एकावर येते. पानांची मांडणीही तशीच बदलते. खाली पानं समोरासमोर, वर गेल्यावर एकाआड एक. सावलीत वाढलेलं झाड उंच आणि सडपातळ होतं, उघड्यावर एकटं वाढलेलं तेच बियाणं पसरट होतं. वाखासाठी दाट पेरलेलं शेत बांबूच्या बेटासारखं सरळ दिसतं, कारण फांद्या फुटायला जागाच नसते. दाट पेरणीचा परिणाम लोक 'वाणाचा गुण' म्हणून सांगतात.

रुंदी बघायचीच असेल तर मधल्या उंचीवरची, पूर्ण वाढलेली दोन-चार पानं बघा. आणि तेवढ्यावर फार तर 'रुंद पानांची' किंवा 'अरुंद पानांची' एवढंच म्हणा.

नर-मादी म्हणजे दोन जाती नव्हेत

भांगेत नर आणि मादी सहसा वेगळ्या झाडांवर असतात. माणसासारखीच एक्स-वाय गुणसूत्रांची पद्धत आहे. फुलं येईपर्यंत बाहेरून ओळख अवघड. नर सडपातळ, सहसा मादीच्या आधी फुलतो, लोंबणाऱ्या पाच पाकळीवजा दलांच्या फुलांतून पराग उधळतो आणि लवकर वाळतो. मादी बी पिकेपर्यंत हिरवी राहते. तिच्या प्रत्येक फुलाभोवती हिरवं सहपत्र, म्हणजे लहान पानासारखं आवरण, गुंडाळलेलं असतं आणि त्यातून पराग टिपणाऱ्या दोन केसांसारख्या कुक्षी बाहेर येतात. राळेच्या ग्रंथी सगळ्यात दाट असतात त्या याच सहपत्रावर.

जुने इंग्लिश शेतकरी तर उलटंच धरून चालत. दणकट, बी देणाऱ्या झाडाला ते 'कार्ल' म्हणजे बाप्या म्हणत आणि बारीक, लवकर वाळणाऱ्या नराला 'फिंबल', म्हणजे मादी. दांडगं ते पुरुषाचं, नाजूक ते बाईचं, असा हिशेब! बी कोणाला धरतं हे डोळ्यांसमोर असूनही.

एकाच झाडावर दोन्ही फुलं दिसली तर लगेच नवी प्रजाती समजू नका. ताण पडलेली मादी कधीकधी नरफुलं काढते. शिवाय फेलिना, फेडोरा यांसारखे वाखाचे फ्रेंच वाण मुद्दाम तसे तयार केलेत, म्हणजे सगळं शेत एकाच वेळी कापणीला येतं.

रानात उगवली म्हणजे रुडेरालिस नव्हे

रुडेरालिस हे नाव 1924 मध्ये रशियात यानिशेव्हस्की यांनी दिलं, ढिगाऱ्यावर उगवणारी या अर्थाने. खुरटी, टीएचसी कमी, आणि मुख्य म्हणजे दिवस लहान होण्याची वाट न पाहता वयानुसार फुलणारी. पण रस्त्याकडेला दिसणारी बहुतेक झाडं शेतातून सुटलेली असतात. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातलं रानटी हेम्प हे जुन्या वाखाच्या पिकाचे वंशज आहे. रानटीपणा ओळखायचा तो बीवरून: बी बारीक, वरचं साल ठिपक्याठिपक्यांचं, आणि हात लावताच गळून पडणारं. सुटून गेलेलं पीकही काही पिढ्यांत हे गुण पुन्हा मिळवतं, त्यामुळे यावरूनही प्रजाती ठरत नाही.

हेम्प आणि गांजा: फरक आकड्याचा

हेम्प दिसायला वेगळं, गांजा वेगळा, असं ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वाखाचं उंच पीक ओळखू येतं, पण सीबीडीसाठी लावलेलं हेम्प दिसायला आणि वासाला हुबेहूब गांजा असतो. तो फरक फक्त प्रयोगशाळेत कळतो. ही द्रव्यं झाडात एन्झाइमं, म्हणजे रसायनं घडवणारी प्रथिनं, बनवतात. वारशाने आलेलं एन्झाइम सीबीडीचं असेल तर सीबीडी जास्त बनतं, टीएचसीचं असेल तर टीएचसी, आणि दोन्ही पालकांकडून एकेक आलं तर मिश्र.

हेम्प कशाला म्हणायचं, याची कायद्याची रेघ बऱ्याच ठिकाणी 0.3 टक्के टीएचसीची. अमेरिकेने ती 2018 च्या कृषी कायद्यात घातली, युरोपीय संघाने 2023 पासून 0.2 वरून 0.3 वर नेली. स्वित्झर्लंडमध्ये मात्र 1 टक्का चालतो. हा 0.3 चा आकडा निसर्गाने आखलेला नाही. स्मॉल आणि क्रॉनक्विस्ट यांनी 1976 च्या त्याच लेखात कोवळ्या, जोमदार पानांतल्या टीएचसीसाठी तो सोयीने निवडला आणि तो मनमानी असल्याचंही तिथेच लिहिलं. पुढे कायद्यांनी तो पानांवरून उचलून फुलोऱ्याला लावला, जिथे टीएचसी मुळातच जास्त असतं.

म्हणून 'सगळं बियाणं हेम्पचं होतं, तरी पीक नापास कसं?' ही तक्रार येते. सीबीडीचं एन्झाइमही थोडं टीएचसी बनवतंच, साधारण विसास एक या प्रमाणात. सीबीडी 8 टक्क्यांवर गेलं की टीएचसी 0.4 च्या आसपास पोहोचतं. फुलोरा पिकत जातो तसे दोन्ही चढतात. म्हणजे जे शेत लवकर घेतलेल्या नमुन्यात पास झालं, तेच काही आठवड्यांनी नापास होऊ शकतं. बियाण्यात भेसळ असेलच असं नाही.

अहवाल वाचतानाची चूक त्याहून साधी आहे. ताज्या झाडात टीएचसी बहुतांश आम्लरूपात, टीएचसीए म्हणून असतं. उष्णता लागली की त्याचं टीएचसी होतं. अहवालात 'टीएचसी 0.2 टक्के' एवढं पाहून लोक हेम्प म्हणून मोकळे होतात. खालची ओळ वाचा. टीएचसीए 15 टक्के असेल तर त्याला 0.877 ने गुणा, कारण आम्लाचा रेणू फुटताना कार्बन डायऑक्साइडचं वजन निघून जातं. 13.2 आले. त्यात वरचे 0.2 मिळवा. एकूण टीएचसी 13.4 टक्के.