कळलावी लावताय? या चुका टाळा

श्रावण-भाद्रपदात कोकणात आणि घाटमाथ्यावर करवंदीच्या जाळीतून, शेताच्या कुंपणावरून लाल-पिवळी फुलं डोकावायला लागतात. ही कळलावी. कुणी तिला अग्निशिखा म्हणतं, कोकणात गौरीचे हातही म्हणतात. फूल इतकं देखणं की घरी लावायचा मोह होतोच. पण बरेच जण वेल आणतात, एक हंगाम कसाबसा काढतात आणि पुढच्या पावसात कुंडी रिकामी राहते. मग खत बदलतात, माती बदलतात. खरी गडबड बहुतेक वेळा कंदापाशीच झालेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रानातली वेल उपटून आणणं. कळलावीचा कंद गलोलीच्या बेचक्यासारखा दोन फाट्यांचा असतो आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो. वेल ओढली की देठ हातात येतो आणि कंद जमिनीतच राहतो. खणून काढायला गेलं तर नेमकं ते टोक मोडतं. टोक मोडलेला फाटा कितीही टणक आणि भरलेला दिसला तरी त्याला कोंब येत नाही. औषधासाठी कंद खणून खणून अनेक रानांतली कळलावी आधीच विरळ झाली आहे, त्यात आपण भर घालू नये. रोपवाटिकेतून लागवडीचा कंद घ्या आणि घेताना त्याचं टोक शाबूत आहे का, एवढं आधी बघा.

आणि हे अगदी स्पष्ट सांगायला हवं: ही वेल विषारी आहे, मुळापासून बियांपर्यंत. कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचं विष भरपूर असतं. करांदे, कोनफळ असे कंद काढून खाणाऱ्यांच्या घरात हा कंद चुकून त्यांत मिसळला तर जिवावर बेतू शकतं, शिजवल्यानेही विष जात नाही. त्रास लगेच होत नाही. काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, म्हणून ‘काही झालं नाही’ असं समजून घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा. बाळंतपणासाठी किंवा आणखी कशासाठी हा कंद उगाळून देण्याचे घरगुती उपाय तर कुणीच करू नयेत. कंद हाताळताना हातमोजे घाला. घरात रांगतं मूल किंवा चघळणारं कुत्रं असेल तर ही वेल सरळ टाळा.

लावायची वेळ मेअखेर ते जूनची सुरुवात. कंद उभा खुपसू नका, आडवा ठेवा, वर दोन-तीन इंच माती पुरते. माती निचऱ्याची हवी. रानात ही वेल उताराच्या मुरमाड जमिनीत, झुडपांच्या कडेला वाढते. तिथे पाऊस धो धो पडतो, पण पाणी साचून राहत नाही. चिकट काळ्या मातीत, बुडाला भोकं नसलेल्या कुंडीत कंद कुजणारच.

आधाराच्या बाबतीतही बरेच जण फसतात. जाड बांबू रोवला तरी वेल जमिनीवरच लोळते. कारण कळलावीला वेगळे ताणे नसतात, तिच्या पानाचं टोकच लांब होऊन वळतं आणि समोर येईल त्याला धरतं. ते टोक काडीला, सुतळीला किंवा बारीक फांदीला विळखा घालतं, मनगटाएवढ्या बांबूला नाही. जाळी किंवा वाळक्या काटक्या द्या, ती आपली आपण चढते.

फूल उमलतं तेव्हा पाकळ्या हिरवट-पिवळ्या असतात, मग केशरी आणि शेवटी लाल होतात. रंग बदलला म्हणजे रोग आला असं समजून कुणी औषध फवारू नये. फवारणीने फुलपाखरं जातात, आणि कळलावीला त्यांची गरज आहे. हे फूल खाली तोंड करून असतं, पाकळ्या मागे वळलेल्या, पुंकेसर चहूबाजूंना पसरलेले. फुलाच्या मधोमध असलेली कुक्षीवृंताची दांडी तर जवळजवळ काटकोनात एका बाजूला वळते. त्यामुळे स्वतःचे पराग सहसा कुक्षीवर, म्हणजे त्या दांडीच्या पराग धरणाऱ्या टोकावर, पडत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की फुलपाखरू मध प्यायला आलं की पराग त्याच्या पंखांना लागतात आणि पंखांवरूनच दुसऱ्या फुलापर्यंत जातात. तुमच्या गच्चीवर फुलपाखरं येत नसतील तर शेंगा धरत नाहीत म्हणून वेलीला दोष देऊ नका. सकाळी मऊ कुंचल्याने एका वेलीचे पराग दुसऱ्या वेलीच्या कुक्षीवर लावा. तमिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती होते, तिथले शेतकरी हेच काम हाताने करतात. आणि हो, हे फूल तमिळनाडूचं राज्यपुष्प आहे.

पानं रातोरात चाळणी झाली तर पानांच्या मागे बघा. काळ्या अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके असलेल्या अळ्या सापडतील. या अळ्यांचा पुढे पतंग होतो. कळलावीचं शास्त्रीय नाव ग्लोरिओसा, आणि या पतंगाच्या शास्त्रीय नावातच ग्लोरिओसी आहे, इतकं त्याचं या वेलीशी नातं. वेल लहान असेल तर अळ्या काडीने उचलून दूर ठेवा, रानात मात्र त्यांना हात लावू नका.

गौरीसाठी फुलं हवी असतील तर दोन-चार फुलंच खुडा, पानांसकट अख्खी वेल कापू नका. जुना कंद याच दिवसांत आटत असतो आणि पानांनी केलेल्या अन्नावर त्याच्या जागी नवा कंद तयार होत असतो. हिरवी वेल कापली की पुढच्या वर्षीचा कंद बारीक राहतो आणि फूल येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वेल पिवळी पडली की घाबरून पाणी वाढवू नका, उलट बंद करा. वाळलेली वेल आपोआप गळू द्या. कुंडी पावसाळ्यापर्यंत कोरड्या जागी ठेवा, कंद आत जिवंत आहे. त्या कुंडीवर नावाची पाटी लावा, नाहीतर उन्हाळ्यात कुणीतरी तीच माती दुसऱ्या रोपाला वापरतं.