माळ्यावरच्या जुन्या रेकॉर्डी: कोकणात शोधाव्यात कशा, प्रत ठरवावी कशी

कोकणात जुन्या रेकॉर्डी जमवायच्या तर दुकान शोधण्यात वेळ घालवू नका. माल तीन ठिकाणी असतो: जुन्या घरांच्या माळ्यावर, मंडप-लाऊडस्पीकरवाल्यांच्या गोडाऊनमध्ये आणि भंगारवाल्याकडे. चाकरमान्यांनी गणपतीला येताना मुंबईहून आणलेला फोनो आणि रेकॉर्डी गावातच राहिल्या, आणि कॅसेट आल्यावर ट्रंकेत गेल्या. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला घेतलं की ती ट्रंक खाली उतरते. म्हणून गवंड्याशी ओळख ठेवा. "काकी, माळ्यार जुने रेकॉर्ड असत काय?" असं मालवणात विचारलं तर बरेचदा उत्तर येतं, "होते रे, पण झिलान भंगारात घातल्यान." मग लगेच विचारायचं, कुठल्या भंगारवाल्याला.

पैशांचं बोलण्याआधी आणखी एक प्रश्न विचारा: ही वाजायची कशावर? प्रत, म्हणजे तबकडी कितपत चांगली उरली आहे ते, ठरवताना याच्याइतकं उपयोगाचं काही नाही. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई बसवलेला गोल डबा, तबकडीवर शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतो. एलपीला, म्हणजे मोठ्या व्हिनाइलच्या तबकडीला, चांगल्या टर्नटेबलवर दीड ते तीन ग्रॅम पुरतात. म्हणजे चावीच्या यंत्रावर एकदा जरी एलपी लावली असेल तरी तिच्या खाचा गेल्या. लग्नात आणि सार्वजनिक गणपतीत वाजलेला मालही तसाच. सुई बदलायची कोणाला आठवण नसायची. अशा तबकड्या पुसल्यावर चकचकीत दिसतात आणि लावल्यावर आवाज फाटतो. उलट माळ्यावरची, बुरशीने पांढरी पडलेली, कव्हर कसरीने खाल्लेली एलपी धुतल्यावर छान वाजू शकते. कोकणातल्या दमटपणाने नुकसान होतं ते आधी कागदाचं. त्यामुळे रूपावर भाव करू नका.

आधी जात ओळखा

जड, जाड, दहा इंची आणि वाकवायला गेलं तर मोडेल अशी तबकडी लाखेची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची. एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं गाणं. बारा इंची, थोडी लवचिक ती ३३⅓ फेऱ्यांची एलपी, आणि सात इंची बहुतेक ४५ ची. एलपी अमेरिकेत १९४८ साली आली आणि ४५ ची त्याच्या पुढच्या वर्षी, पण आपल्याकडे लाखेच्या तबकड्या साठच्या दशकातही निघत होत्या. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बीटल्सची गाणीसुद्धा ७८ वर निघाली, आणि परदेशातले संग्राहक आजही त्या शोधत असतात. गोव्याकडच्या एखाद्या ट्रंकेत इंग्रजी गाण्याचं लेबल दिसलं तर घाईने बाजूला टाकू नका.

दोन्ही जातींना सुई वेगळी लागते. ७८ ची खाच एलपीच्या मानाने खूपच रुंद असते. एलपीची बारीक सुई त्यात तळाशी घसटते आणि नुसती खरखर ऐकू येते. तेवढ्यावरून तबकडी वाईट ठरवू नका.

आता प्रत

जगभर चालणारी श्रेणी अशी: मिंट (कोरी), निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी (म्हणजे व्हेरी गुड), गुड, पुअर. मिंट विसरा, सील न फोडलेला माल आपल्या वाट्याला येत नाही. जुन्या मालात निअर मिंटही क्वचितच. खरा निवाडा व्हीजी प्लस आणि व्हीजी यांच्यात होतो. बारीक ओरखडे दिसतात पण वाजवताना जवळपास ऐकू येत नाहीत, ती व्हीजी प्लस. संथ आलापात खरखर जाणवते, गाणं मात्र अडत नाही, ती व्हीजी. खरखर गाण्याच्या बरोबरीने चालली तर गुड, आणि सुई उडी मारत असेल किंवा अडकत असेल तर पुअर. विकणारा सहसा एक पायरी वर सांगतो; आपण एक पायरी खाली धरावी.

तपासायचं ते ट्यूबलाइटखाली नाही. सकाळी पडवीत तिरपं ऊन येतं तिथे तबकडी कडांनी धरा आणि हळूहळू कलती करा. केसासारख्या रेघा उन्हात उठून दिसतात. त्या बहुतेक निरुपद्रवी. ज्या ओरखड्यावर नख अडकतं तो ऐकू येणारच. एलपीवर असा एक खोल ओरखडा दर फेरीला, म्हणजे दर १.८ सेकंदांनी, टक् करतो. काळ्या रंगाला जिथे राखाडी झाक आली असेल तिथे खाच झिजली आहे, आणि ते धुऊन जात नाही. भोकाभोवती लेबलवर सुईसारख्या रेघांचं जाळं असेल तर तबकडी खूप वेळा लावलेली आहे असं समजा.

लाखेच्या तबकडीची कड बोटाने फिरून बघा, चीर असेल तर नखाला कळते. मग मधल्या भोकात बोट घालून तिला टांगती धरा आणि टिचकी मारा. धड असेल तर खणखणते, चिरलेली असेल तर आवाज बद्द येतो.

कव्हर आणि आतली तबकडी एकच आहे ना, हेही बघा. गावात अदलाबदल फार झालेली असते. लेबलवरचे आकडे कव्हरवरच्या आकड्यांशी ताडा.

शक्य असेल तर वाजवून बघा, आणि तेही मधल्या लेबलजवळचं शेवटचं गाणं. झीज तिथे आधी ऐकू येते. तार सप्तकातला सूर किंवा "स" चिरकला तर बाकी तबकडी कितीही सुरेख असो, व्हीजीच्या वर धरू नका. प्रत लिहिताना तबकडी आणि कव्हर वेगळी लिहा: व्हीजी प्लस, कव्हर पुअर. आपल्या भागातल्या मालाला हेच जास्त वेळा लागू पडतं.

धुणं आणि पावसाळा

बुरशी घरात झाडू नका, अंगणात नाकाला फडकं बांधून मऊ ब्रशने काढा. मग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, आणि मऊ कपडा गोलगोल, खाचांच्या दिशेने. विहिरीचं पाणी नको, क्षार खाचांत बसतात. लेबल कोरडं ठेवा. साध्या डिस्टिल्ड वॉटरने खळबळून ताटाळ्यात उभी वाळवा. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल किंवा स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते, पाणीही बेताचंच. बुरशी फार वर्षं बसली असेल तर डाग जातो आणि खरखर राहते, तेवढं धरून चाला.

पुराच्या मालाला वेगळा नियम. २०२१ च्या जुलैत चिपळूणला घराघरांत पाणी शिरलं तेव्हा असा बराच माल चिखलात गेला असणार. वाळलेला गाळ कोरडा पुसला तर तो पॉलिश पेपरसारखा घासतो. आधी भरपूर पाण्याखाली धरा, मग कपडा.

ठेवायच्या त्या उभ्याच. आडव्या थप्पीत खालच्या वाकतात. माळा नको, वैशाखात कौलांखाली व्हिनाइल तापून मुरडतं. लोखंडी कपाट, बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर, आत सिलिका जेलच्या पुड्या. पीव्हीसीच्या जाड पिशव्या टाळा, तबकडीवर धूसर थर येतो. आतलं पाकीट साध्या पॉलिथिनचं घ्या आणि तोंड बंद करू नका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, उघडीप असेल तेव्हा, कपाटाचं दार तासभर उघडं टाका आणि कव्हरांवर पांढरे ठिपके आलेत का बघा.